विसावा मॉप

ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर इतक्या गरीब स्वभावाच्या, की ऑपरेशन करणाऱ्या सरांनी रागाने चिमटा भिरकावला तरी त्या दुसरा पुढे करून वर "सॉरी सर" म्हणत. पाळकसाहेब भर चर्चमध्ये सांगायचे, "सौम्यता शिकायची तर आपल्या सिस्टरकडून शिका." सिस्टर मान खाली घालायच्या आणि, खोटं कशाला बोला, मनातून सुखावायच्या. नवरा मात्र घरी चिडवायचा, "तुला भीती देवाची की सरांची, ते एकदा ठरव बाई!"

त्या दिवशी टेबलावर एक शिक्षिका होती. पोटातली गाठ निघाली होती, आता पोट शिवायचं होतं. त्याआधी मॉपची, म्हणजे रक्त टिपायच्या जाड कापडी चौकोनांची, मोठ्याने मोजणी करायची, हा थिएटरचा नियम. वीस वापरले होते. सिस्टरनी मोजले, एकोणीस भरले. पुन्हा मोजले. दुसऱ्या नर्सने बादली उपसली, टेबलाखाली वाकून पाहिलं. एकोणीसच.

"सर, एक कमी आहे."

"तुमची मोजणी चुकली. मी आत बघितलंय. सुई द्या."

"हो सर" ओठांवर आलंच होतं, सवयच ती. सुई धरलेला हात अर्ध्यावर गेला आणि तिथेच थांबला. टेबलावरची बाई बेशुद्ध होती. तिच्या वतीने नम्र व्हायचा अधिकार आपल्याला कुणी दिला होता? येशूवर लोक थुंकले तेव्हा तो गप्प राहिला. पण व्यभिचारात पकडलेल्या बाईवर लोकांनी दगड उगारले तेव्हा तो मधे पडला. हे लहानपणापासून शंभरदा ऐकलं होतं, कळलं मात्र आज.

"सुई देणार नाही, सर. आधी परत बघा."

भूल देणाऱ्या डॉक्टरबाई स्टुलावरून अर्धवट उठल्या.

"उद्यापासून कामावर येऊ नका!" सर कडाडले.

सिस्टरचा आवाज चढला नाही. "उद्या येत नाही, सर. आज बघा."

सरांनी रागारागाने हात आत घातला. आतड्यांच्या मागून, रक्ताने चिंब झालेला विसावा मॉप बाहेर आला.

पोट शिवून झाल्यावर हात धुताना सर खालच्या आवाजात म्हणाले, "सिस्टर, माफ करा मला. आधी असं कधी झालंच नव्हतं, म्हणून मी..."

"झालं होतं."

आपल्याच तोंडचे शब्द ऐकून सिस्टर हादरल्या. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. कपडे शिवणारी एक बाई, पंधरापैकी चौदा मॉप. सर तेव्हाही 'मोजणी चुकली' असंच म्हणाले होते. सिस्टरनी "हो सर" म्हणून वहीत 'मोजणी बरोबर' असं लिहून सही ठोकली होती. नंतर ती बाई पोट दुखतं म्हणून तीनदा आली, आणि तिन्ही वेळा गोळ्या घेऊन गेली. मग यायची थांबली. बरं वाटलं असेल, अशी सिस्टरनी स्वतःची समजूत घातली होती, आणि त्याच आठवड्यात चर्चमध्ये सौम्यतेचं कौतुकही ऐकून घेतलं होतं.

"जुन्या वहीत तिचा पत्ता असेल," त्या कशाबशा म्हणाल्या. "आत्ताच जाऊ. दोघंही."

सरांनी नळ बंद केला.

"ती असेल ना अजून, सिस्टर?"

सिस्टरना ते ठाऊक नव्हतं.