मोहाची वाइन आंबते कायले

कोकणातल्या शेठचा फोन आला तेव्हा भागीरथा शेडमंधी ड्रम घासून राहिली होती. हात ओले, मोबाइल कंबरेले खोसलेला. हात पुसून उचलेपर्यंत बिचारा दोनदा वाजून गप झाला. तिसऱ्यांदा उचलला, तं शेठनं तब्येतपाणी बी विचारलं नाही.

"बाई, दुसरी खेपही आंबट. गिऱ्हाइकानं एक घोट घेतला आणि ग्लास सरकवून दिला. आता शेवटचं बघू. पुढची खेप अशीच निघाली तर आपला राम राम."

हा शेठ वेंगुर्ल्याकडचा. समुद्राकाठी त्याचा लहानसा कारखाना. जांभळाची, काजूच्या बोंडाची वाइन काढते अन् फिराले येणाऱ्या लोकाईले पाजते. गोंदियाच्या प्रदर्शनात त्यानं भागीरथाच्या बचत गटाची मोहाची वाइन चाखली अन् तिथंच डोळे मिटून उभा राहिला. हेच पायजे, म्हणे. गटाले दुसरं गिऱ्हाईक नाही. हा गेला तं शेडले कुलूप, अन् इटियाडोह धरणाजवळच्या या जंगलातल्या बाया पुन्हा टोपली घेऊन मोहफुलाच्या व्यापाऱ्यापुढं उभ्या. तो म्हणन तोच भाव.

भागीरथानं फोन ठेवला अन् ड्रमले एक लाथ हाणली. ड्रमले काही झालं नाही, आंगठा तेवढा सुजला.

आंबते तं आंबते कायले? इथं असते तवा गोड, चाखली तं जीभ खूश. कोकणात पोचेपर्यंत तिले होते काय? पाणी उकळून पायलं. फुलं जाळलेल्या पाल्याच्या राखेत पडू नाही म्हणून झाडाखाली साड्या बांधून पायल्या. मंग आपसात भांडून पायलं. फुलं धुवाचं काम अनुसयाबाईकडं होतं. भागीरथा तिले चारचौघीत बोलली, "तुह्या हाताचा मळ उतरते त्याच्यात!" अनुसयाबाई साठीची बाई. तिनं पदर झटकला, "मंग तूच धुव, शहाणे," म्हणे, अन् गट सोडून चालती झाली. वाइन तरी आंबायची आंबलीच.

तिसरी खेप भागीरथानं कोणाले हातच लावू देला नाही. फुलं तिनंच वेचली, तिनंच धुतली. बाटल्या उकळल्या, भरल्या, बुचं बसवली. आता गोंदियाहून जीपवाला प्रफुल सील माराची मशीन घेऊन येईन, सील मारन, माल रेल्वेत चढवन. पण प्रफुलचं येणं म्हणजे आज येतो म्हणून परवा. तवर बाटल्या शेडमंधी उभ्या, अन् राखणीले तिचे सासरे धनसिंग. माणूस इमानी. चाबी करदोड्याले बांधून खाटेवर बसते, दिवसभर आंगठ्यानं तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटते, कुत्र्यालेही आत जाऊ देत नाही.

प्रफुल येणार होता त्या दिवशी सकाळीच भागीरथा बाजाराले निघाली. फाट्यावर पोचली तं ध्यानात आलं का थैली घरीच. शिव्या देत माघारी फिरली. शेडपाशी येते तं खाट रिकामी, दार उघडं.

आत धनसिंग उकिडवे बसले होते. हातात बाटली, बूच दातात. बाटलीच्या तोंडावर आंगठा दाबून त्यांनी ती वाकडी केली, थेंब जमिनीवर पडू देले, तोंडातल्या तोंडात काही पुटपुटले, बूच लावलं, बाटली जागेवर ठेवली अन् दुसरी उचलली. आंगठा तोच, खर्रा घोटाचा.

"मामाजी! हे काय करून राहिले?"

म्हातारा दचकला नाही. "ओरडू नोको. देवाले देऊन राहिलो."

"किती बाटल्या उघडल्या?"

"दाराकडच्या सगळ्या. मांगच्या ओळी बाकी आहेत."

भागीरथानं त्यांच्या हातची बाटली हिसकली. "अन् पहिल्या दोन खेपा? त्याही उघडल्या?"

"हाव. कोणाले तरी करा लागते ना! तुम्ही बाया नुसत्या भरता अन् पाठवता. देवाची, बापजाद्याची वाटणी काढल्याबिगर कोणाच्या हाती दारू देली आहे का आपल्यात कधी?" म्हातारा उलटा तापला. "पहिल्या बारीले एकेक थेंब देलो, तं आंबली. मी म्हटलं, देव नाराज झाला, कमी पडलं. दुसऱ्या बारीले जास्त देलो, तरी आंबली. म्हणून आता चांगली धार सोडून राहिलो."

भागीरथाले हसावं का डोकं आपटावं, समजेना. "अवो मामाजी, तुमच्यानंच आंबून राहिली ना ते! हवा लागली का हिचा सिरका होते!"

"हवेनं? जलमभर दारू उघडून राहिलो, एकही आंबली नाही."

"ते भट्टीवर गाळलेली! हे भट्टीची नोहोय!"

"फूल तं मोहाचंच आहे ना?"

फूल मोहाचंच होतं. भागीरथाच्या डोळ्यांपुढं मात्र अनुसयाबाई पदर झटकून निघून चालली होती.

तेवढ्यात जीप आली. प्रफुल उतरला, सगळं ऐकलं, अन् कपाळाले हात लावून म्हणे, "क्या दादाजी, पूरा खेला कर दिया. चल वहिनी, मांगच्या ओळी तं चांगल्या आहेत? त्याईलेच सील मारू. तेवढ्यावर शेठ खूश झाला तं झाला."

तो मशीन घेऊन दारात आला, तं धनसिंग उंबऱ्यावर आडवे बसलेले. "त्या बाटल्या जात नाहीत. त्याईची वाटणी निघाली नाही. तसाच माल गेला, तं पुढच्या चैतात झाडं फूल गाळन नाही."

"मामाजी, बाजूले व्हा. गाडी निघून जाईन गोंदियाहून."

"जाऊ दे."

"शेठ हातचा जाईन!"

"जाऊ दे. देव जाऊ नाही."

भागीरथाचा पारा चढला. "मंग जा तुम्हीच बाटल्यासंगं! तिकडं शेठ बूच काढन, तवा त्याच्या पुढ्यात बसा अन् घाला काय घालाचं ते!"

बोलली ती रागात. पण म्हातारा उठला. उंबरा मोकळा झाला. घरात गेला, धुतलेलं धोतर नेसला, डोक्याले दुपट्टा बांधला अन् येऊन जीपमंधी पुढच्या शीटवर बसला.

"हे सही बोलली तू. उघडतानीच द्यावं. चाल बे प्रफुल."

प्रफुल भागीरथाकडं पाहून राहिला अन् भागीरथा प्रफुलकडं. दोन दिवसाची रेल्वे, म्हातारा गोंदियाच्या पलीकडं कधी गेला नाही. पण दुसरा रस्ता कोणता होता? तिनं पटापट मांगच्या ओळीतल्या बाटल्या देल्या, प्रफुलनं सील मारलं, खोके चढवले. तिनं शेठले फोन लावून सांगतलं का मालासंगं आमचे मामाजी येऊन राहिले, त्याईच्या हातानंच पहिली बाटली उघडा. शेठ येवढंच म्हणाला, "या, या. आमच्याकडेही गावच्या राखणदार देवाला दिल्याशिवाय बाटली फुटत नाही." तिनं ते म्हाताऱ्याले सांगतलं, तं म्हातारा खुशीनं मान हालवाले लागला.

जीप सुरू झाली. थोडी समोर गेली अन् थांबली. म्हाताऱ्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"भागीरथे! समुद्राकाठी जमीन कशी रायते वं?"

"रेती रायते, मामाजी! जा आता!"

"सबन रेतीच?"

"सबन!"

म्हाताऱ्यानं दार उघडलं अन् एक पाय खाली टाकला. "रेतीत आपला देव कुठून येईन? मोहाखालची माती घ्या लागन."

प्रफुल हॉर्नवर हात ठेवून बसला तं बसलाच. भागीरथानं देवाले एक, म्हाताऱ्याले एक अन् त्या शेठच्या समुद्राले एक, अशा शिव्या हासडल्या, पदर खोसला अन् मोहाच्या झाडाकडं पळत सुटली.