डोक्यामागची खुर्ची

बाईंनी आपली खुर्ची कोचाकडे आणखी चार बोटं सरकवली. तीन महिन्यांतली ही पाचवी वेळ. आता त्यांचा रुग्ण, एक दंतवैद्य, आडवा झाला की त्याचं डोकं त्यांच्या गुडघ्यालाच टेकणार होतं.

मनोविश्लेषणाची रीतच अशी, की माणसाने छताकडे बघत मनात येईल ते बोलायचं आणि विश्लेषकाने त्याच्या डोक्यामागे, त्याला न दिसता, बसून ऐकायचं. चाळीस वर्षं बाईंनी ही रीत विद्यार्थ्यांच्या गळी उतरवली होती. आता त्यांचेच कान दगा देत होते. यंत्र लावलं की नुसता कल्ला व्हायचा, आणि ओठ वाचावेत तर समोर फक्त टाळू. पण या धंद्यात मौनाला मान असतो. अधूनमधून ‘हं’ म्हटलं की भागतं. बाईंनी दोन महिने ‘हं’वर काढले.

शुक्रवारच्या अभ्यासमंडळात मात्र त्या पकडल्या गेल्या. सगळ्यांचं हसून झाल्यावर त्या हसल्या. मंडळाचा चिटणीस त्यांचाच जुना विद्यार्थी. तो दाराशी त्यांच्यासमोर येऊन सावकाश म्हणाला,

“बाई, आता थांबा. त्या माणसाला खरं सांगून टाका. नाहीतर मला मंडळापुढे बोलावं लागेल.”

“एकच रुग्ण राहिलाय रे.”

“म्हणूनच.”

मुलीचा फोन त्या हल्ली उचलत नसत. मंगळवार आणि गुरुवारचा तो तास सोडला, तर आठवडाभर घरात कोणी पाऊल टाकत नव्हतं. एकटेपणाने बाई पार खचल्या होत्या, आणि हे कळायला त्यांना कुणाच्या कोचावर झोपायची गरज नव्हती.

मंगळवारी दंतवैद्य आला. दिवसभर लोकांना ‘आ’ करायला लावून एकटाच बडबडणारा हा माणूस इथे सहा वर्षं मोजकंच बोलला होता. हल्ली मात्र बोलता बोलता त्याचे खांदे हलत. काय सांगताना तो रडतो, ते बाईंना ठाऊक नव्हतं. या न कळण्याची त्यांना लाज वाटे.

तो आडवा होण्याआधीच त्या म्हणाल्या, “थांबा. मला ऐकू येत नाही. दोन महिन्यांतलं तुमचं काहीच माझ्यापर्यंत पोचलेलं नाही. मी फसवलं तुम्हाला.”

तो कोचाच्या कडेवर टेकला. त्याच्या उजव्या भुवईत एक पांढरा केस होता. सहा वर्षांत बाईंना तो कधी दिसला नव्हता.

“माहीत होतं,” तो म्हणाला. “एकदा मी मध्येच विचारलं, पाणी मिळेल का? तुम्ही ‘हं’ म्हणालात आणि बसून राहिलात.”

बाईंना हसू आलं, आणि डोळेही भरून आले.

“मग येत का राहिलात?”

“भावाचं कोणाला सांगता येत नव्हतं. ऐकणारं कोणी नाही म्हटल्यावर तोंड उघडलं.”

बाईंनी एका कागदावर चिटणिसाचा पत्ता लिहून दिला. “यांच्याकडे जा. यांचे कान शाबूत आहेत.”

त्याने कागद घडी घालून खिशात ठेवला, पण तो उठला नाही. त्याने उशी उचलली, कोचाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली आणि बाईंकडे पाय करून आडवा झाला. त्याचा चेहरा आता पुरता त्यांच्यासमोर होता. बाईंनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

“माझा धाकटा भाऊ,” एकेक शब्द सुटा करत तो म्हणाला, “त्या दिवशी त्याला पोहायला मीच नेलं होतं.”