सुयुंशीत मागितलेली तीन वर्षं

"सुयुंशी, ओराझ, सुयुंशी!" अंगणात शिरता शिरताच शाळेचे दौलेतबेक आगाय, म्हणजे गुरुजी, ओरडले.

कोक्तास गावात चांगली बातमी फुकट मिळत नाही. आणणारा आधी सुयुंशी, म्हणजे बातमीची बक्षिसी, मागतो, ऐकणारा काहीही न ऐकता ती कबूल करतो, आणि मग तोंड उघडतं. कुणी शाल मागतं, कुणी कोकरू. त्यामुळे ओराझनं मेंढीची लोकर कातरता कातरता, मानही न वळवता नेहमीसारखं म्हटलं, "तुला हवं ते माग."

"तुझ्या नुरीलाला ग्रँट मिळाली. सरकारी. भौतिकशास्त्राची शिक्षिका होणार पोरगी."

नुरीला सकाळपासून मोबाईल उशीखाली दाबून बसली होती. यादी उघडून बघायचं धाडस होत नव्हतं. ती धावत बाहेर आली. शोल्पान, तिची आई, पिठाचे हात तसेच घेऊन आली आणि आधी लेकीच्या, मग चुकून आगायच्याही गालाला पीठ लावून मोकळी झाली.

"आता सुयुंशी," गाल पुसत आगाय म्हणाले. "या शिष्यवृत्तीवर शिकलं की तीन वर्षं खेड्यातल्या शाळेत शिकवावं लागतं ना? ती तीन वर्षं आमच्या शाळेला हवीत."

ओराझच्या हातातली कात्री अर्धवट उघडी राहिली.

दौलेतबेक आगाय मुळात खेळांचे शिक्षक. शाळेला भौतिकशास्त्राचा माणूस मिळेना म्हणून तोही तास गेली सहा वर्षं त्यांच्याच गळ्यात होता. 'बल' हा धडा ते उठाबशा काढायला लावून शिकवत. आणि तीन वर्षं कुठे घालवायची हे नुरीलानं केव्हाच ठरवलं होतं: वेधशाळेच्या डोंगराखालचं गाव. तिथेही शाळा होती, तिथेही शिक्षक नव्हता, आणि रात्री वर जाऊन दुर्बिणीला डोळा लावता आला असता.

"मुलगी म्हणजे काय मेंढी आहे, आगाय?" शोल्पान म्हणाली.

"शब्द ओराझनं दिलाय."

"दिलाय खरा," ओराझ पुटपुटला.

"बाबांनी बाबांचं द्यावं," नुरीला म्हणाली. "कोकरू द्या, घोडा द्या. माझी तीन वर्षं काही तुमच्या गोठ्यात बांधलेली नाहीत."

आगायनी टोपी काढून डोकं खाजवलं. "हे मात्र बरोबर आहे. पण पोरी, सहा वर्षं मी मागणी करतोय, एक माणूस आला नाही. गेल्या हिवाळ्यात मुलं गोठलेल्या तळ्यावर मासे धरत होती. एकीनं विचारलं, बर्फ बुडत का नाही? मी म्हटलं, थंड असतो म्हणून."

शोल्पानला हसू आवरेना.

"हस तू. मुलं हसली असती तर बरं वाटलं असतं. त्यांनी विश्वास ठेवला गं माझ्यावर."

नुरीला वळून स्वयंपाकघरात गेली. "या आत," तिनं हाक मारली.

चुलीवर बाउर्साक, म्हणजे कणकेचे गोळे, तळायला शोल्पाननं चरबी ठेवली होती, ती नुकती वितळली होती. नुरीलानं कढई खाली उतरवली आणि घट्ट चरबीचा एक तुकडा आत सोडला. तो थेट तळाला गेला.

"घट्ट चरबी पातळ चरबीत बुडते. मेणाचंही तसंच. जवळपास सगळं असंच वागतं," ती म्हणाली. मग फ्रिजमधला बर्फ काढून पाण्याच्या वाडग्यात टाकला. तो तरंगला.

आगाय एकदा कढईत बघत, एकदा वाडग्यात. "म्हणजे पाणीच आडमुठं?"

"पाणीच. गोठताना त्याचे कण दाटीवाटीनं बसत नाहीत. हात पसरून बसतात, मध्ये मोकळी जागा ठेवून. मग तेवढंच पाणी जास्त जागा खातं, हलकं पडतं."

"आमच्या बसमधल्या म्हाताऱ्यांसारखं."

"अगदी तसंच."

"आणि बुडालं असतं तर?"

"तळं तळापासून गोठत आलं असतं. मग मासे कसले आणि मासेमारी कसली."

आगायनी तुकडा पुन्हा टाकायला लावला. मग स्वतः टाकला. शोल्पान म्हणाली, चरबी आता पुरे, तळायला काही उरू द्या. पण ओराझही आत येऊन वाकून बघत होता आणि त्यालाही एकदा टाकायचा होता.

शेवटी आगायनी टोपी डोक्यावर ठेवली. "तुझं म्हणणं खरं. दुसऱ्याची वर्षं सुयुंशीत मागायची नसतात. ओराझ, मी शालच घेतो. आणि शाळा उघडली की मुलांना सांगतो, मी चुकीचं सांगितलं होतं."

ते फाटकापर्यंत गेले. नुरीला वाडग्यातल्या बर्फाकडे बघत उभी होती. तो बराच विरघळला होता. आगाय हे मुलांना सांगताना 'हात पसरून' म्हणतील आणि वर्गाला खरंच हात पसरून उभं करतील, हे तिला स्पष्ट दिसत होतं. कल्पना वाईट नव्हती. फक्त ते हात कोणत्या कोनात पसरायचे, हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

"आगाय, थांबा," ती दारातून म्हणाली. "दोन वर्षं तुमची. तिसरं डोंगराचं."

आगाय वळले. "सुयुंशी म्हणून?"

"नाही. तशीच."

"मग शालही माझीच राहिली ना?"

"शाल घेऊन जा," ओराझ म्हणाला. "नाहीतर तू उद्या नवी बातमी शोधून आणशील."