बारा हातांची सुसर

सुसर बारा हात लांब होती. निदान मी तसं सांगायचो. सुरुवातीला आठच हात होती, पण साक्ष देता देता वाढत गेली. खाडीचं खारं पाणी मानवलं असावं तिला.

साक्ष म्हणजे आम्हा मिशनच्या मंडळींची रीत. प्रभूनं आपल्याला कुठल्या चिखलातून उचललं ते चारचौघांत उभं राहून सांगायचं. बाकीच्यांची साक्ष दोन वाक्यांत आटपे: पापी होतो, तरलो. माझ्या साक्षीत भरती होती, वादळ होतं, सुसर होती आणि सुसरीच्या नाकात कुणा सासुरवाशिणीची नथ होती. ठाण्याच्या प्रार्थनाघरात लोक जागा धरून बसायचे.

आमचे पाळक, म्हणजे प्रार्थनाघराचे धर्मगुरू, हरिहरपंत मूळचे ब्राह्मण. शेंडी गेली तरी सोवळं गेलं नव्हतं. ते आता सत्यावर येऊन बसलं होतं. एका रविवारी त्यांनी मला बाजूला घेतलं.

"विश्राम, सुसरीला नथ कुणी घातली?"

"मी नाही, पंत."

"देवाच्या घरात थापा मारतोस! पुढच्या महिन्यात कोलशेत गावी साक्ष द्यायला जाशील, तेव्हा मी स्वतः येणार. तिथं वाढवून एक शब्द बोललास, तर तुझं जाणं बंद. दुसरा माणूस पाठवीन."

मी हसलो, पण कोलशेत सुटून चालणार नव्हतं. कारण ती सुसर ठाण्यासाठी नव्हतीच. ती कोलशेतसाठी वाढत होती.

कोलशेतला माझी बायको होती, तुळसा. मिठागरावर आम्ही जोडीनं मीठ ओढायचो, तेव्हापासून आमच्या संसाराची एक रीत: मी फुगवायचं, तिनं सुई टोचायची. मी म्हणे, "काल जाळ्यात वीस मासे आले." मागून ती, "सात. त्यातला एक आधीच मेलेला." लोक हसायचे ते माझ्या गोष्टीला नव्हे, तिच्या आकड्याला.

बाप्तिस्म्याच्या दिवशी मी मिशनच्या पंगतीला जेवलो. जेवलो म्हणून जात गेली, आणि जात गेली म्हणून माझा मेहुणा सहदेव बहिणीला कोलशेतला घेऊन गेला. तुळसेनं चूल विझवली, माझ्यापुरतं तांदळाचं पीठ झाकून ठेवलं आणि गेली. चार वर्षं तिचा शब्द कानावर पडला नव्हता.

म्हणून महिन्यातून एकदा मी सहदेवच्या ओट्यासमोर, चिंचेखाली उभा राहून साक्ष देई. सुसर ऐकायला गाव जमे, त्यामुळे तो हाकलत नसे. दार अर्धं लोटलेलं. आत कांकणं वाजत. मी सुसर दहा हात केली, आत काही नाही. बारा केली. नथ घातली. एवढी थाप तिला सोसायची नाही, आतून एक आकडा येईलच, असं वाटे. कांकणं थांबत. शब्द येत नसे. प्रभू क्षमा करो, त्याच्या शुभवर्तमानाला मी गळ लावून बसलो होतो.

त्या खेपेला पंत होडीत माझ्याशेजारी बसले. वाटेत एकदाच बोलले, "खरं तेवढंच."

"आले का दाजी!" सहदेव ओट्यावरून ओरडला. "आज किती हाताची हाय?"

माणसं हसली. मी पंतांकडे पाहिलं.

"सुसर नव्हती," मी म्हणालो.

"मंग काय होतं?"

"ताडी होती. ताडी पिऊन मी चिखलात कमरेपर्यंत रुतलो आणि भरती चढायला लागली. हे पंत होडीतून चालले होते. धोतरासकट चिखलात उतरले, मला ओढून काढलं. शिवी दिली नाही, हात धरून प्रार्थना केली. मला वाटलं, ज्याच्या नावानं हा माणूस चिखलात उतरतो, त्याच्या घरी आपण राहावं. एवढंच."

"ह्याच्यापरास सुसर बरी होती," सहदेव म्हणाला. लोक धोतरं झटकत उठू लागले. गळ गेला, आमिषही गेलं. आता लपवायला काही उरलं नव्हतं, म्हणून मी म्हणालो, "मग बायकोला न्यायला एकदा आलो होतो. दार उघडलं नाही. परत गेलो."

आतली कांकणं थांबली.

"तीनदा."

उठलेली माणसं तशीच उभी राहिली.

"एकदा नाय, तीनदा आला व्हता," दारामागून तुळसा म्हणाली. "तिसऱ्या खेपेला उंबऱ्याशी सुकट ठेवून गेला. वाळू व्हती तिच्यात."

"तुळसे, गप बस!" सहदेव ओरडला.

परतताना होडीत पंत माझ्याकडे वळून बसले. मग म्हणाले, "म्हणजे आजही खोटंच सांगितलंस."

"पण वाढवून नाही, पंत."

त्यांनी माझं कोलशेतला जाणं बंद केलं नाही. आणि मी वाढवून सांगणं सोडलं ते कायमचं. आता कमी करून सांगतो. आमचा संसार दोन वर्षांचा, असं म्हटलं की आतून येतं, "अकरा." ताडीचं एक मडकं म्हटलं की, "चार." इतकी वर्षं झाली, दार अर्धंच राहतं. आता तिचा आवाज जरा घोगरा झाला आहे, माझेही दात गेले.

गेल्या महिन्यात चिंचेखाली दोनच म्हातारे होते. मी म्हणालो, "बायकोची आठवण येते कधीतरी. वर्षातून एकदा."

कांकणं थांबली. भरती येईपर्यंत मी उभा होतो. याचा आकडा तिनं काही सांगितला नाही. होडीवाल्यानं दोन हाका मारल्या तेव्हा निघालो, आणि कांकणं तोवर पुन्हा वाजली नव्हती.