नीलसागरच्या तळाची रेती

वाशीम-रिसोड रस्त्यावर दौलतसिंगांचं लग्नाचं लॉन होतं. लग्नसराई सरली की तिथं सोयाबीन वाळत पडायचं. मागच्या दिवाळीनंतर त्यांनी लॉनच्या मागे पोहण्याचा तलाव बांधला, त्याला 'नीलसागर' असं नाव दिलं आणि त्या दिवसापासून स्वतःला शेतकरी म्हणवून घेणं बंद केलं. कोणी विचारलं तर म्हणायचे, "आमी आता पर्यटनात हाओ." त्यांना स्वतःला पोहता येत नव्हतं, पण काठावर खुर्ची टाकून बसायला पोहणं लागत नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात उथळ बाजूच्या तळाशी रेती दिसली. फिल्टरमधून गाळलेलं पाणी ज्या तोंडातून तलावात परत येतं, बरोबर त्याच्यासमोर निळ्या फरशीवर तांबूस पट्टा पडलेला. झाडून काढला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच.

दौलतसिंगांचा पहिला संशय गिऱ्हाइकांवर गेला. "खेड्यातले लोकं हायेत, अंगावर अर्धं वावर घेऊन येतात," ते म्हणाले. लगेच फलक लागला: 'अंगावरील माती घरीच धुऊन यावे. हुकमावरून.' तेवढ्यानं भागलं नाही म्हणून ते स्वतः दारात उभे राहून येणाऱ्याचे तळपाय तपासू लागले. रिसोडचे एक निवृत्त मुख्याध्यापक तिथूनच माघारी फिरले. तीस वर्षं त्यांनी पोरांची नखं तपासली होती. स्वतःचा पाय कोणापुढे उचलायची वेळ आली नव्हती.

दौलतसिंगांची बायको बेबीबाई दोन दिवस हे बघत होती. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "अवो, लोकं दारातून येतात अन् रेती त्या पाइपातून येऊन राह्यली. फिल्टरात रेतीच भरली हाये ना तुमी?"

"ते पाणी गाळाले भरली हाये. ती आतच राह्यते. कंपनीनं सांगतलं."

"मंग कंपनीले इचारा ना."

कंपनीला फोन केला. कंपनीनं फोटो मागवले. फोटो पाठवले. दोन दिवसांनी मेसेज आला: 'आमच्या सेवेचा आपला अनुभव कसा होता?'

तेवढ्यात वाशीमहून जावई आले. रविकांतचा जाहिरातींचा धंदा होता, त्यामुळे कोणतीही वस्तू दिसली की ती कोणाला विकता येईल एवढंच त्याच्या डोक्यात यायचं. तळाकडे बघून तो म्हणाला, "मामाजी, तुम्ही याला बिघाड कसं म्हणता? लोक रेतीसाठी गोव्याला जातात!"

जावयाच्या शब्दाला नाही म्हणायची त्या घरात रीत नव्हती. चार दिवसांत रस्त्यावर मोठा फलक झळकला: 'वाशीम जिल्ह्यातील पहिला समुद्रकिनारा.' काठावर प्लॅस्टिकची चार नारळाची झाडं आली. आणि खरोखर गर्दी झाली! माणसं गुडघाभर पाण्यात उभी राहून पायांनी रेती चाचपायची आणि एकमेकांचे फोटो काढायची.

आता दौलतसिंगांना वेगळीच काळजी लागली. किनारा फारच लहान आहे, अशी लोकांची तक्रार होती. रविकांतनं सुचवलं, फिल्टरमधली रेती कमी झाली असेल, भर टाका. घराच्या प्लास्टरसाठी चाळून ठेवलेली रेती होतीच. फिल्टरच्या टाकीचं तोंड उघडून दोन पोती आत गेली. ती त्याच दिवशी तलावात उतरली.

"पाह्य, सकाळी टाकली अन् संध्याकाळी किनाऱ्यावर!" दौलतसिंग कौतुकानं म्हणाले.

आठवडाभरात पाणी गढूळ झालं, मग हिरवं. रविकांतनं फलकावर एक ओळ वाढवली: 'पाचूच्या रंगाचे पाणी.'

तो फलक वाचून तलाठी आला. विनापरवाना रेतीसाठ्याची तक्रार आहे म्हणाला आणि खुर्ची ओढून वही उघडली.

"रेती कुठून आणली?"

"आणली नाई साहेब, आपोआप येऊन राह्यली."

"कुठून?"

"पाण्यातून."

"म्हणजे पाण्यातून उपसा," तलाठी लिहिता लिहिता म्हणाला. "किती ब्रास?"

दौलतसिंग उठून उभे राहिले. ब्रासनं रेती ट्रकवाले मोजतात. आपल्या तलावाला ते माप लागेल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. जावयाकडे बघितलं, तर जावई मोबाइलमध्ये मान घालून बसलेले.

"ओल्या रेतीचं मोजमाप होत नाही," तलाठी म्हणाला. "बाहेर काढा, वाळवा. मग पंचनामा."

बेबीबाईनं कोणाला न विचारता सुकेशनीला फोन लावला. सुकेशनी आयटीआय झालेली फिटर. मंगरूळपीरकडच्या संत्र्याच्या बागांचं ठिबक तीच सांभाळायची. तासाभरात ती मोटारसायकलवर आली. नारळाच्या झाडांकडे तिनं बघितलंही नाही. तलावात पाणी येतं त्या तोंडाला जुनं धोतर बांधलं, दहा मिनिटं पंप चालवला आणि धोतर सोडून हातावर रेती चोळली.

"काका, ह्या दोन जातीच्या रेत्या हायेत. ही जाडी कंपनीची. ही मैद्यावानी, प्लास्टरची. कोणं टाकली?"

रविकांत नारळाच्या झाडामागे सरकला.

"आतली लॅटरल तुटली," ती म्हणाली.

"लॅटरल? ते तं ठिबकच्या नळीले म्हणतात. आपल्या इथं ठिबक कुठं हाये?" दौलतसिंग म्हणाले.

"नाव तेच, चीज दुसरी. टाकीच्या बुडाशी बारीक फटीच्या दांड्या असतात, बोटावानी. फटीतून पाणी जाते, रेती वर राह्यते. एक दांडी मोडली का रेतीले दार मोकळं. अन् तुमची चाळलेली तं धड दांडीतूनबी निंगून जाईन. टाकी उघडा लागन."

"थांबा," तलाठी उठला. "टाकी मुद्देमाल आहे."

"साहेब, रेती सारी मोजाची हाये ना? अर्धी तं टाकीतच हाये," सुकेशनी म्हणाली.

तलाठ्यानं विचार केला आणि परवानगी दिली.

टाकीतली रेती मगांनी उपसली. तळाच्या आठ दांड्यांपैकी दोन मुळापासून मोडलेल्या. सुकेशनीनं त्या दौलतसिंगांच्या हातात ठेवल्या. "पह्यलं टाकी अर्धी पाण्यानं भरा लागते, मंग रेती हळूहळू सोडा लागते. कोरड्या टाकीत वरून पोतं वतलं असन कोणं."

दौलतसिंगांनी त्या मोडक्या दांड्या उलटसुलट फिरवून बघितल्या. उद्घाटनाला फोटोवाला घाई करत होता, आणि त्यांनीच पोतं खांद्यापर्यंत उचलून एका दमात टाकीत रिकामं केलं होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. इतक्या लोकांचे पाय तपासले, ते आठवून त्यांना कोणाकडे बघवेना.

"कोणं नाई," ते हळूच म्हणाले. "म्याच वतलं."

 बेबीबाईनं सुकेशनीसाठी चहा ठेवला.

टाकीतली आणि तळाची रेती दोन दिवस ताडपत्रीवर वाळली. तलाठ्यानं टेप लावला. पाव ब्रासही भरेना. त्याचा चेहरा उतरला. त्यानं पंचनाम्यात लिहिलं, 'सदर ठिकाणी समुद्रकिनारा आढळून आला नाही,' आणि दौलतसिंगांची सही घेतली. आयुष्यात इतक्या आनंदानं त्यांनी कुठंच सही केली नव्हती.

सुकेशनीनं नव्या दांड्या बसवल्या. मधल्या पाइपाचं तोंड कापडानं झाकून, अर्ध्या भरलेल्या टाकीत योग्य जाडीची रेती हळूहळू सोडली. मग कापड काढून, झाकण बसवून पाणी उलटं फिरवलं, पाइपावरच्या काचेतून ते नितळ दिसेपर्यंत. पाण्याची दिशा बदलणारं हँडल कसं फिरवायचं ते तिनं बेबीबाईला शिकवलं. "काकू, हँडलले हात लावाच्या आंधी पंप बंद. अन् उलटं धुतलं का रेती जराशी खळबळून घ्याची, मंगच पाणी तलावात सोडाचं." फिल्टरच्या खोलीची किल्ली बेबीबाईच्या कमरेला गेली. दौलतसिंगांनी ती मागितली नाही.

फलक उतरवला म्हणून रविकांत रुसला आणि महिनाभर सासुरवाडीला आला नाही. त्या महिन्यात घरात सगळ्यांना बरी झोप लागली.

पाणी स्वच्छ झालं, पण गिऱ्हाईक अर्ध्यावर आलं. एका रविवारी कारंज्याहून जीप भरून माणसं आली, लेकरांच्या हातात छोटी घमेली. म्होरक्यानं विचारलं, "किनारा कुठं हाये जी?"

क्षणभर दौलतसिंगांची जीभ वळवळली. आवारात ताडपत्रीवर रेतीचा ढीग अजून होता; चार पाट्या टाकायला कितीसा वेळ? मग त्यांनी घसा साफ केला.

"किनारा नाई, बापा. मोडलेल्या फिल्टरची रेती होती ते. आता नुसतं पाणी हाये."

जीपवाल्यांनी आपसात खल केला. दोघी बायका चिडून गाडीत जाऊन बसल्या. लेकरांनी मात्र घमेली काठावर फेकली आणि कपड्यांसकट पाण्यात उड्या मारल्या.