साहेबाच्या पाठीवरची गाठ

पुतणीचं लग्न झालं त्या वर्षी धाकटीच्या हातातली कात्री गेली. दोघी जावांचं शिवणकामाचं दुकान होतं. कापायचं धाकटीने, शिवायचं थोरलीने, आणि गिऱ्हाइकाशी गोड बोलायचं तेही थोरलीनेच. पुतणी म्हणजे थोरलीची एकुलती एक लेक. तिला लग्नात घालायला गर्द निळ्या मखमलीचा लांब कोट हवा होता. मखमलीला लव असते, आणि सगळे तुकडे लवेची दिशा एकच ठेवून कापावे लागतात. धाकटीने घाईत पाठीचा तुकडा उलटा कापला. कोट तयार झाला तेव्हा पुढून निळा आणि मागून काळा दिसायला लागला.

थोरलीने तो भर पाहुण्यांत वर धरला. "बघा हिचे हात! उद्या गिऱ्हाइकाची मान कापेल."

सगळे खो खो हसले. पुढच्या आठवड्यात दुकानाला नवीन कुलूप लागलं, आणि किल्ली एकट्या थोरलीकडे राहिली.

चूक धाकटीची होती, ती तिने कबूलही केली. खरं झोंबलं ते नंतर. पुतणी एकदा सहज बोलून गेली, "काकू, तू उलटं कापत होतीस ते आईने पाहिलं होतं गं. दारातच उभी होती. म्हणाली, पडू दे एकदा तोंडावर."

धाकटीने हे पोटात ठेवलं आणि त्याला गंज चढू दिला नाही. ती जनावरांच्या डॉक्टरांकडे कामाला लागली. कुत्री धरायची, मांजरं पुसायची, नखं कापायची. सात वर्षं गेली. या सात वर्षांत थोरलीचा नवरा गेला, पण तो धाकटीच्या हिशेबी सूड नव्हता. मरण काय, कुणालाही येतं.

मग पुतणीची बदली झाली आणि ती आपला ससा आईकडे सोडून गेली. पांढरा, लांब केसांचा, पिंजलेल्या कापसाच्या ढिगासारखा. उचलायला गेलं की मागच्या पायांनी लाथा झाडायचा, नाहीतर कडकडून चावायचा. कुणाला अंगाला हात लावू देत नाही म्हणून थोरली त्याला साहेब म्हणायची. रिकाम्या घरात तिचा सगळा जीव त्या सशात अडकला. पण त्या केसांच्या गाठी व्हायला लागल्या, आणि नाक मुठीत धरून तिला धाकटीला फोन करावा लागला.

"ये ना गं. जुनं काय धरून बसतेस!"

"मी कुठे काय धरलंय, जाऊबाई? माझ्या हातात तर कात्रीसुद्धा ठेवली नाहीत तुम्ही."

पण ती गेली. दर रविवारी जायला लागली. जमिनीवर टॉवेल पसरून नुसती बसायची. सशाला उचलायची नाही. तो आपणहून जवळ आला की चार वेळा कंगवा फिरवायची आणि थांबायची. गाठ लागली की आधी कंगवा गाठीच्या खाली, कातडीला चिकटून सरकवायचा, आणि मग कंगव्याच्या वरून थोडी थोडी कापायची. सशाची कातडी ओल्या कागदासारखी असते. मधे कंगवा नसला तर कात्री तिला सोडत नाही. हे सगळं धाकटी थोरलीकडे पाठ करून करायची. थोरलीला शिकू द्यायचं नाही, हे तिने पहिल्याच दिवशी ठरवलं होतं.

तीन महिन्यांनी साहेब तिच्या गुडघ्यावर हनुवटी टेकून डोळे मिटायला लागला.

"माझं खातो आणि तुझ्या मांडीला लागतो. लबाड कुठला!" थोरली हसत म्हणाली, पण तिचा चेहरा उतरला होता.

एका रविवारी पाठीवर सुपारीएवढी गाठ निघाली. थोरली जवळ येऊन बसली.

"आण ती कात्री. आज मी काढते."

"जमेल?"

"धागे कापण्यात जन्म गेला माझा. मला विचारतेस?"

शिवलेल्या कपड्यावरचा सुटा धागा काढताना आपण तो चिमटीत धरतो, ताणतो आणि मुळाशी कापतो. थोरलीने तेच केलं. गाठ चिमटीत धरून वर ओढली. गाठीबरोबर कातडीही तंबूसारखी वर आली, आणि कात्री त्या तंबूला भिडली. धाकटीला ते स्वच्छ दिसलं. 'थांबा', एवढा एकच शब्द पुरला असता. तो दातांपर्यंत आला. तिने तो गिळला.

ससा किंचाळतो हे थोरलीला तोवर माहीत नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी सहा टाके घातले. थोरली बाहेरच्या बाकावर बसली होती. बोटांना रक्त आणि पांढरे केस चिकटले होते.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलला होतात?"

"मी? कधी?"

ती नाटक करत नव्हती, ती खरंच विसरली होती. धाकटीला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. मखमल, दार, तोंडावर पडू दे. सात वर्षं धार लावून ठेवलेली गोष्ट बाकावर बसून अशी समजावून सांगायची वेळ येईल, असं तिला कधी वाटलं नव्हतं.

"त्या कोटासाठी?" थोरली म्हणाली. "अगं, त्या मुक्या जिवाने तुझं काय बिघडवलं होतं?"

"काही नाही. पण तुमचा होता."

त्यानंतर थोरलीचं पाऊल वाजलं की साहेब कपाटाखाली जायचा. ती कोवळा पाला घेऊन तासन् तास जमिनीवर बसायची, गुडघे धरून उठायची. तो बाहेर येत नसे. रविवारी धाकटी टॉवेल पसरायची आणि तो सरळ येऊन तिच्या मांडीला टेकायचा. त्या वेळी कोण गप्प बसलं होतं ते त्याला काय ठाऊक! थोरली खुर्चीतून बघत राहायची, आणि धाकटी तिला बघू द्यायची. आता तिने थोरलीकडे पाठ करून बसणं सोडून दिलं होतं.

टाके निघाल्यावर चौथ्या महिन्यात, नोव्हेंबरच्या चौदा तारखेला, मंगळवारी सकाळी थोरली हृदय बंद पडून गेली. ससा धाकटीकडे आला आणि पुढच्या उन्हाळ्यात मेला.