कणकेचा नेम

रेणुकादास मास्तरांनी परसातल्या हौदात मासे पाळले, तेव्हा गल्लीला फुकटची करमणूक मिळाली. नैवेद्य दाखवल्याशिवाय पानावर न बसणारं घर, कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात वर्ज्य, आणि तिथं मासे! येणारा-जाणारा हटकायचा, "मास्तर, रस्सा कधी?" मास्तर शाळेत शास्त्र शिकवायचे. माशाचे कल्ले मुलांना दाखवावेत म्हणून धरणावरच्या ओळखीच्या माणसाकडून त्यांनी दुधाच्या किटलीत बोटाएवढी पिल्लं आणली होती. मुलं कल्ले बघून पास-नापास होऊन गेली आणि पिल्लं हातभर झाली. त्यातला एक काळसर, मोठ्या डोक्याचा कटला दिवसभर हौदाच्या कडेनं फेऱ्या मारायचा आणि इतरांना ढुशा देत हलवत ठेवायचा. त्याला मास्तर मुकादम म्हणायचे.

कुसुमताईंना हा खटाटोप अजिबात आवडायचा नाही. हौदातलं पाणी त्या तुळशीलाही घालत नसत. मास्तर रिटायर झाले आणि सकाळ-संध्याकाळ हौदाच्या काठावर बसायला लागले, तेव्हा त्या म्हणायच्या, "माझ्याशी दोन शब्द बोलायला वेळ न्हाई, माशांशी मात्र तासभर गप्पा." मास्तर हसायचे आणि मुकादमाला म्हणायचे, ऐकलंस का रे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मास्तर अंघोळीला गेले आणि मोरीतच कोसळले. उजवं अंग गेलं, वाचा गेली. जन्मभर बोलून पोट भरलेल्या माणसाच्या तोंडून आता नुसतं अं, अं एवढंच निघायचं. डॉक्टरांनी सांगितलं की माणूस आत जागा आहे. पोटात अन्न जाऊ द्या आणि मन कशात तरी गुंतू द्या. कुसुमताईंनी त्यांची खाट मागच्या दारात आणून टाकली. तिथून हौद दिसायचा. पहिल्याच सकाळी मुकादमानं पाण्याबाहेर उडी मारली आणि मास्तरांच्या ओठाचा डावा कोपरा वर गेला. कुसुमताई पदरात तोंड घालून रडल्या. त्या दिवसापासून मासे म्हणजे घरातली माणसं झाली. मासे आहेत तोवर हे आहेत, असं त्यांच्या मनानं धरलं ते धरलंच.

आता बाईच्या मनानं धरलेलं आभाळानं ऐकायला हवं होतं. पण त्याच साली लातूरचा जिल्हा झाला आणि त्याच साली पाऊस फितूर झाला. चौकाचौकांत कमानी उभ्या राहिल्या, बँड वाजला, साहेबांच्या गाड्या धूळ उडवत फिरायला लागल्या. कचेऱ्यांच्या पाट्या रोज नव्या लागत होत्या आणि विहिरी एकेक करून कोरड्या पडत होत्या. बदलून आलेल्या माणसांना खोल्या मिळेनात. कुसुमताईंनीही बाहेरची खोली भाड्यानं दिली. कंधारकडची विशाखा, नव्या कचेरीत कारकून, एकटी राहणारी, पोरगी नीटस. ट्रंक उघडली तेव्हा वर बुद्धाची तसबीर दिसली. त्या दिवसापासून विशाखाला पाणी देताना कुसुमताई तांब्या वीतभर उंचावरून ओतायला लागल्या. दोघींना कळलं होतं आणि दोघीही कळलं नसल्यासारखं वागत होत्या. अशा गोष्टींत आपली माणसं मोठी पटाईत.

हौदाला पाणी कुठून घालायचं? टँकर यायचा तो भांडणासकट यायचा. पिण्याचं बाजूला काढून, धुणं आठवड्यावर ढकलून, कुसुमताई उरलेल्या घागरी हौदात ओतायच्या. तरी कमरेइतकं पाणी गुडघ्यावर आलं. आणि मग धुंधुरमासात थंडी पडली. अशी की म्हातारी माणसं शेकोटीपासून हलेनात आणि तुरीची पानं करपून काळी झाली. विशाखा एकदा सहज म्हणाली की ती किनवटच्या वसतिगृहात शिकायला होती, तेव्हा एका सकाळी अंगणातल्या टाकीवर बर्फाचा पापुद्रा धरला होता; पाणी थोडं होतं म्हणून धरला, भरलेल्या विहिरीला काही झालं नाही. बोलून ती कचेरीला गेली. कुसुमताईंच्या काळजात मात्र तो पापुद्रा धरून राहिला.

मग त्यांनी जे आरंभलं ते बघून गल्लीनं कपाळावर हात मारला. हौदावर आडव्या काठ्या टाकल्या, काठ्यांवर तट्ट्या, तट्ट्यांवर पोती, पोत्यांवर कडबा. कडेच्या भिंतीला लागून गोवऱ्यांची आगटी. पहाटे उठून बंब पेटवायचा आणि कढत पाण्याची चरवी कडेकडेनं सोडायची. स्वतः मात्र त्या गार पाण्यानंच चूळ भरायच्या. अंगावरची शालसुद्धा एके दिवशी हौदावर गेली. सकाळी थोडा वेळ मास्तरांना दिसावं म्हणून एक कोपरा उघडायचा, की पुन्हा बंद.

अशात बिलोलीहून वन्सं आल्या, मास्तरांची थोरली बहीण भामाबाई. भावाची दशा बघून त्यांनी आधी गळा काढला आणि मग उपाय काढला. मुक्या जिवाला खाऊ घातलं की मुक्याला वाचा येते, असं त्या म्हणाल्या. रोज नाव घेत घेत कणकेच्या गोळ्या करायच्या आणि माशांना घालायच्या, संक्रांतीपर्यंत एकही दिवस न चुकता. "लोक त्यासाठी नांदेडला गोदावरीवर जातेत, कुसुम. तुझ्या तर परसातच मासे हायत. देवानं ते उगंच दिले काय?"

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात; इथं तर कणकेचा होता. दुसऱ्याच दिवशी कुसुमताईंनी परातीत कणीक घेतली. मास्तरांच्या खाटेशेजारी बसून, 'श्रीराम, श्रीराम' म्हणत, हरभऱ्याएवढ्या गोळ्या वळल्या. ताटभर गोळ्या हौदात सोडल्या, हात जोडले. पाण्यावर मासा आला नाही. थंडीनं दबले असतील, खातील सावकाश, असं म्हणून त्यांनी पोती ओढून घेतली.

आठवडाभरात पहिला मासा वर आला तो पोट वर करून. कुसुमताईंनी तो पदराआड लपवून बाहेर नेला, मास्तरांना दिसू नये म्हणून. मग दुसरा. मग एकाच सकाळी दोन. थंडीनं घात केला, दुसरं काय! त्यांनी आणखी पोती आणली, फटी चिंध्यांनी बुजवल्या. गोळ्याही वाढवल्या, मेलेल्यांच्या वाटणीचं उरलेल्यांना गेलं पाहिजे, नाहीतर नेम अपुरा राहायचा.

एक दिवस त्या विशाखाला घेऊन नव्या कचेरीत गेल्या. माशांचंही खातं असतं असं विशाखानं ऐकलं होतं. खातं होतं. त्याचं टेबल होतं, खुर्ची सुतळीनं बांधलेली होती, आणि दारात धोंडप्पा नावाचा शिपाई उन्हाला बसला होता. साहेब अजून जुन्याच जिल्ह्याच्या गावी बसतात, असं त्यानं सांगितलं. कुसुमताईंनी त्यालाच सगळं विचारलं, कारण विचारायला दुसरं कुणी नव्हतं. त्यानं गरिबासारखा चेहरा केला. "जिल्हा झाला, बाई. पर माशापातूर पोचला न्हाई अजून." परतताना कुसुमताई रस्त्यात दोनदा ठेचकाळल्या. विशाखानं दंड धरला आणि त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

घरी आल्या, तर मुकादम वर आलेला. कोपऱ्यातल्या उघड्या फटीत, पाण्याच्या अगदी वरच्या थरात, तोंड वासत होता, मिटत होता, पुन्हा वासत होता. कुसुमताईंना केवढा आनंद झाला. इतक्या दिवसांनी भूक लागली लेकराला! त्या धावत आत गेल्या, दुपारच्या पोळ्यांना ठेवलेली कणीक उचलून आणली आणि घाईघाईनं गोळ्या वळून त्याच्यासमोर सोडायला लागल्या. मागून खाटेवर धाडधाड आवाज झाला. मास्तर डाव्या हातानं खाटेची पाटी बडवत होते. अं, अं, अं! मान हलवत होते, डोळे ताणले होते.

"दिसला ना मुकादम?" कुसुमताई म्हणाल्या. "खातोय बघा. आता वाचा येतीय तुमची."

मास्तरांनी हात टाकून दिला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

त्यानंतर ते हौदाकडे बघेनात. आणि जेवेनात. कुसुमताई मऊ वरणभात कालवून आणायच्या, घास ओठाशी न्यायच्या आणि ओठ मिटलेले असायचे. डॉक्टरांचं वाक्य त्यांना पाठ होतं. त्या गालावर बोट दाबून तोंड उघडायच्या, चमचा आत सरकवायच्या, हनुवटी धरून ठेवायच्या गिळेपर्यंत. निम्मं वरण मानेवरून ओघळायचं. "चिऊचा घास, काऊचा घास," त्या म्हणायच्या, आणि म्हणताना त्यांचाच आवाज फाटायचा. ज्या माणसाला चाळीस वर्षं अहो-जाहो केलं, त्याला असं लेकरासारखं भरवताना त्यांच्या जिवाचं काय होत होतं ते त्याच जाणत.

रविवारी ऊन वर आल्यावर त्यांनी कोपरा उघडला तर वास आला. आंबूस, शिळ्या पिठाचा. मुकादम कुशीवर पडला होता, एक डोळा आभाळाकडे, कल्ला जेमतेम हलत होता. पलीकडे आणखी दोन मासे पांढरे पडून तरंगत होते. कुसुमताई हौदात उतरल्याच. पातळ वगैरे काही बघितलं नाही. गुडघाभर गार पाण्यात पाय ठेवला आणि पाय रुतला. खाली फरशी लागायला हवी होती. त्यांनी वाकून कोपरापर्यंत हात घातला आणि मूठ भरून वर काढली.

मुठीत कणीक होती. फुगलेली, करडी पडलेली, तार सुटलेली कणीक, आणि तिच्यात अजून न विरघळलेल्या, गोल गोल, रामनामाच्या गोळ्या. पुन्हा हात घातला, पुन्हा तेच. भिंतीपासून भिंतीपर्यंत हौदाच्या तळाला त्यांच्या नेमाचा थर बसला होता. एकाही माशानं एकही गोळी खाल्ली नव्हती. गारठलेला जीव खात नाही, नुसता तळाशी टिकून राहतो, एवढं माशाला कळत होतं. आणि कुसुमताई त्याच्या अंगावर रोज ताटभर कणीक सडवत होत्या. वर पोत्यांचं झाकण घालून, फटी बुजवून. मुकादम तोंड वासत होता तो भुकेनं नव्हे. त्याला श्वास मिळत नव्हता. मास्तर पाटी बडवून हेच सांगत होते.

थंडीनं एकही मासा मेला नव्हता, असं त्यांच्या मनानं त्या क्षणी ठरवलं. ते खरं होतं की नाही देव जाणे, पण त्या तशाच उभ्या राहिल्या, मुठीतलं पीठ मनगटावरून ओघळत असताना.

"विशाखा," त्यांनी हाक मारली. हाक अशी निघाली की पोरगी अनवाणी पळत आली.

दोघींनी तट्ट्या, पोती, कडबा सगळं ओढून फेकलं. मुकादमाला आणि एका लहानशा रोहूला घंगाळात उचलून ठेवलं. तेवढेच दोन जिवंत होते. बादल्यांनी सडकं पाणी उपसलं, तळ हातांनी खरवडला. आता चांगलं पाणी हवं होतं आणि टँकर दोन दिवस यायचा नव्हता. कुसुमताईंनी स्वयंपाकघरातला हंडा रिता केला, पिण्याचा माठ रिता केला, देवघरातली कळशीही आणली. फरशी जेमतेम झाकली. विशाखा आपल्या खोलीत गेली आणि माठ कडेवर घेऊन आली. हौदाच्या काठाशी मात्र ती थबकली.

"माझ्या माठातलं हाय, काकू," ती म्हणाली. "चालंल का?"

कुसुमताईंनी तिच्याकडे बघितलं. वीतभर उंचावरून ओतलेला प्रत्येक तांब्या त्यांना त्या एका प्रश्नात ऐकू आला, आणि लाजेनं त्यांचे कान तापले. त्यांनी हात पुढे केले, माठाचं बूड खालून धरलं, आणि दोघींनी मिळून तो हौदात ओतला.

मुकादमाला पाण्यात सोडलं. तो तिरका झाला, तळाशी गेला आणि तिथं पडून राहिला. कल्ला हलत होता, की पाणीच हलत होतं, काही समजेना. विशाखा काठावर बसून राहिली.

दुपार झाली होती. कुसुमताईंनी हातपाय पुसले आणि सवयीनं वरणभात कालवला. वाटी घेऊन खाटेशी बसल्या, घास ओठाशी नेला. ओठ मिटलेले. त्यांचं बोट सवयीनंच मास्तरांच्या गालाकडे गेलं. बोटाला, नखाच्या कडेला, अजून ती करडी कणीक चिकटलेली होती.

बोट तिथंच थांबलं.

पोळ्यापासून आजवर त्यांनी या माणसाला कितीतरी सांगितलं होतं. खा म्हणाल्या होत्या, गिळा म्हणाल्या होत्या, रामनाम ऐकवलं होतं. विचारलं मात्र काहीच नव्हतं. वाचा गेलेल्याला काय विचारायचं, असंच त्या धरून चालल्या होत्या.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "नको वाटतंय का?"

मास्तरांनी भिंतीकडचं तोंड वळवलं. किती तरी दिवसांनी त्यांनी बायकोकडे सरळ बघितलं. मग मान हलवली, एकदाच आणि स्पष्ट. नको. डोळ्यातून पाणी आलं ते कानापर्यंत ओघळत गेलं.

कुसुमताईंनी वाटी खाली ठेवली. खाटेचं तोंड त्यांनी उघड्या हौदाकडे नीट वळवून दिलं, आणि मास्तरांचा डावा हात हातात घेऊन त्या शेजारी बसल्या.

वाटीतला भात गार होत गेला. त्यांनी तो गार होऊ दिला.